इशाऱ्याची जागा

आमचे भाऊजी सिगारेट ओढत नाहीत. आयुष्यात कधी ओढली नाही. समोर कुणी पेटवली तर ते उठून खिडकी उघडतात, आणि खिडकी नसेल तर स्वतःच बाहेर जाऊन उभे राहतात. मात्र गेल्या बावीस वर्षांत आमच्या शहरात जेवढ्या सिगारेटी ओढल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या तरी भाऊजींनी सजवलेल्या पाकिटांतून बाहेर आल्या. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. एकदा तोंडावर बोललो होतो, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून दुरुस्ती केली, "निम्म्या नाही. जास्तच असतील."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुठ्ठ्याची पाकिटं छापणाऱ्या कारखान्यात ते चित्रकार आहेत. तिथे साबणाची, औषधांची, मोज्यांची, सगळ्यांचीच पाकिटं छापतात. पण मालकांचा जीव सिगारेटच्या पाकिटांत, आणि म्हणून भाऊजींचाही. माळ्यावर त्यांची स्वतंत्र खोली आहे. उतरतं टेबल, वर लोंबता दिवा, भिंतीवर सोनेरी रंगाच्या अकरा पट्ट्या. तुम्हाआम्हाला त्या अकराही सारख्याच दिसतील. भाऊजी दारातूनच सांगतात, ही बिस्किटांची, ही अत्तराची, आणि ही पाचवी, हिच्यावर नजर ठरत नाही, घसरून पलीकडे जाते. मालक त्यांना नावानं हाक मारत नाहीत. "कलाकार" म्हणतात.

माणूस विचाराल तर अगदी नाकासमोर चालणारा. पाणी उकळून, गार करून, वर गाळून पिणार. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय गोळी गिळणार नाहीत, त्यामुळे त्यांची डोकेदुखी बहुतेक वेळा कागद संपेपर्यंत आपली आपणच थांबते. घरभर त्यांनी पाट्या रंगवून लावल्यात. गॅसशेजारी 'बंद केला का?', न्हाणीघराच्या दारावर 'फरशी ओली आहे', जिन्याच्या वळणावर 'डोकं सांभाळा'. पांढऱ्यावर लाल, चार बोटं उंच अक्षरं. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या जिन्यात माझं डोकं आजवर दोनदा आपटलंय, आणि दोन्ही वेळा पाटीवरच. भाऊजींना याचं मनापासून वाईट वाटतं. "एवढं मोठं लिहिलंय, लोक वाचत का नाहीत?" असं ते जेवता जेवता विचारतात. ताई तेव्हा वाढायची थांबते, त्यांच्याकडे नुसती बघते, आणि मग पुन्हा वाढायला लागते.

माझं म्हणाल तर मी घड्याळं दुरुस्त करतो. बाजाराच्या कोपऱ्यावर एवढंसं दुकान आणि दिवसभर डोळ्याला भिंग. केसाहून बारीक स्प्रिंग कुठे तुटलीय ते मला पटकन दिसतं. आणि सिगारेट मी विसाव्या वर्षापासून ओढतो. तीक्ष्ण नजर आणि हे व्यसन, या दोन गोष्टी भाऊजींना घरच्या घरी एकाच माणसात सापडल्या आणि माझी नेमणूक झाली.

सरकारनं पाकिटावर आरोग्याचा इशारा छापायची सक्ती केली, त्या वर्षीची गोष्ट. मालकांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, "कलाकार, कायदा म्हणजे कायदा. इशारा छापायचाच. पण बघणाऱ्याच्या जिवाला घोर लागेल असा नको." भाऊजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी पाकिटाचा नमुना स्वयंपाकघरातल्या कपाटात, मिठाची बरणी आणि चहाचा डबा यांच्या मधोमध उभा केला. मला चार पावलांवर उभं केलं. कपाटाचं दार उघडलं, "एक, दोन" म्हटलं आणि दार लावून टाकलं.

"काय दिसलं?"

"घोडा," मी म्हणालो. "मग सोनेरी पट्टा. मग नाव."

"आणखी?"

"आणखी काय होतं?"

भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपण काहीतरी मोठं काम केलं. इशारा घोड्याच्या पायाखाली होता, गवताच्या रंगात.

तेव्हापासून ती रीतच पडली. नवा नमुना तयार झाला की रविवारी सकाळी कपाटाचं दार उघडायचं, दोन आकडे म्हणायचे, दार लावायचं, आणि मला दिसलेल्या पहिल्या तीन गोष्टी मी सांगायच्या. त्या तिनांत इशारा आला तर नमुना नापास. भाऊजी तो पिशवीत घालून मुकाट्यानं परत न्यायचे. नाही आला तर पास, आणि सिगारेट कंपनीकडून त्यांना दर महिन्याला जी भरलेली पाकिटं फुकट मिळत, ती माझ्या खिशात. न ओढणाऱ्या माणसानं त्यांचं करायचं तरी काय? टाकून देणं भाऊजींच्या स्वभावात नाही. हे सगळं चालू असताना ताई ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून, काहीतरी चिरत असायची. सुरी फार जोरात आपटायची. आम्हाला वाटायचं, भाजी निबर असेल.

पुढे सरकार आणि भाऊजी यांचं जे जुंपलं ते विचारू नका. सरकार म्हणालं, इशारा गवताच्या रंगात चालणार नाही, पांढऱ्यावर काळा हवा. भाऊजींनी अख्खं पाकीटच पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं केलं. इशारा त्यांतलीच एक पट्टी होऊन बसला. सरकार म्हणालं, अक्षरं अमुक उंचीची हवीत. भाऊजींनी उंची राखली आणि अक्षरं इतकी दाटीनं बसवली की बघणाऱ्याला वाटावं, कारखान्याचा पत्ता असेल. सरकार म्हणालं, भोवती चौकट हवी. भाऊजींनी अशी नाजूक वेलबुट्टीची चौकट काढली की लोक चौकटच बघत राहिले. "मी आजवर एक नियम मोडलेला नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. आणि ते शंभर टक्के खरं आहे.

मग एका वर्षी नवा नियम आला. इशारा पाकिटाच्या दर्शनी बाजूलाच हवा, एवढा मोठा हवा, आणि भोवती कोरी जागा हवी. भाऊजी लागोपाठ तीन रविवार नापास झाले. कुठेही ठेवला तरी तो मला दिसायचाच. चौथ्या रविवारी ते कपाटाकडे फिरकलेच नाहीत. माझ्या पुढ्यात येऊन बसले.

"एक काढ बरं," ते म्हणाले.

"घरात?" मी चाट पडलो.

"पेटवू नकोस. नुसती काढ."

मी खिशातून पाकीट काढून टिचकी मारली.

"थांब. हलू नकोस."

त्यांनी फूटपट्टी काढून माझा अंगठा मोजला. लांबी, रुंदी, पाकिटाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर, केवढा कलतो ते. पेन्सिलीनं अंगठ्याभोवती रेघ मारून घेतली. पुढे त्यांनी कारखान्यातल्या तीसेक जणांचे अंगठे मोजले. पण सगळी सरासरी फिरून माझ्याच अंगठ्यापाशी येऊन थांबली, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. नव्या पाकिटावर बरोबर त्या जागी पुठ्ठा दाबून एक हलकासा खळगा केला होता. पाकीट हातात आलं की अंगठा आपसूक त्यात जाऊन बसायचा आणि बरं वाटायचं. इशारा त्या खळग्यात होता.

त्या पाकिटाला पुठ्ठावाल्यांच्या संघटनेची ढाल मिळाली. 'हाताळण्यास सुखकर' असं तिच्यावर कोरलंय. समारंभाला आम्ही सगळे नटूनथटून गेलो. ताईचं नेमकं त्याच दिवशी पोट दुखलं. ढाल बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली आहे. ताई त्या कपाटातलं सगळं दर आठवड्याला पुसते, तेवढी ढाल सोडून. आम्हाला वाटायचं, तिचा हात पोचत नसेल.

मग चित्रं आली. काळं फुप्फुस, किडलेले दात, आणि घशाला भोक पडलेला एक माणूस. तो नुसता समोर बघतो, बाकी काही करत नाही. भाऊजींनी पाकिटाचं झाकण असं कापलं की उघडल्याबरोबर त्याचं डोकं मागे उलटायचं आणि पुढे उरायचा फक्त निळा सदरा. कपाटाचं दार लागल्यावर मी म्हणालो होतो, "निळा रंग फार सुरेख आलाय." पास.

आणि मग एक दिवस सरकारनं पटच उधळला. सगळ्या कंपन्यांची पाकिटं एकाच रंगाची, पावसानंतर डबक्यात साचतो ना, त्या गढूळ रंगाची. घोडा नाही, सोनं नाही, खळगा नाही. कंपनीचं नाव बारक्या अक्षरांत, बाकी सगळं चित्र आणि इशारा. भाऊजींच्या भिंतीवरच्या अकरा पट्ट्या उतरल्या आणि त्यांना साबणावर बसवलं. घरात कुणी गेल्यासारखे ते दहा-बारा दिवस वावरत होते. "रंगाचा नंबरसुद्धा सरकारनंच ठरवून दिलाय," ते म्हणायचे. "उद्या एखादा कारकूनही पाकीट काढेल." मी त्यांची समजूत घातली. त्या गढूळ पाकिटाचं मला काहीच वाटलं नाही. आतली सिगारेट तीच होती.

दोन महिन्यांनी माझा आवाज बसला. आधी वाटलं थंडी, मग वाटलं धूळ. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात आरसा घालून बघितलं. पांढरा चट्टा होता. "आज सोडलीत तर जायची शक्यता आहे," ते म्हणाले. "तीन महिने वाट बघू. नाही सोडलीत तर कापावं लागेल. आणि एकदा कापलं की आवाजाची हमी मी देत नाही." मी त्यांना हात जोडून बाहेर आलो आणि या सगळ्याचा शांतपणे विचार करावा म्हणून फाटकापाशी उभा राहून एक पेटवली.

ताईला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली. बाहेरच्या खोलीत गेली, काचेच्या कपाटातून ढाल काढली, आणि जेवायला बसलेल्या भाऊजींच्या ताटाशेजारी आणून आदळली.

"बावीस वर्षं तुम्ही माझ्या भावाची नजर या घरात बसून मोडलीत," ती म्हणाली. "आता दुरुस्त करून द्या. लोकांची मोडलेली घड्याळं तो देतोच ना दुरुस्त करून? तसं."

"अगं, पण मी आजवर एक नियम..."

"जेवा," ताई म्हणाली.

भाऊजींनी जेवण तसंच टाकलं. त्यांचा माझ्यावर जीव आहे, हे मी इथे स्पष्ट लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला ते राक्षस वाटायचे. माझं दुकान त्यांनी उभं करून दिलं, दुकानाची पाटीही त्यांनीच रंगवली. ते हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले. डोळे भरून आले होते. "एकच पाकीट काढतो," ते म्हणाले. "फक्त तुझ्यासाठी. ते तुला दिसलंच पाहिजे."

मग पुन्हा रविवार सुरू झाले. पहिल्या पाकिटावर लाल अक्षरं होती, चार बोटं उंच. "जिन्यावरची पाटी का काढलीत?" मी विचारलं. दुसऱ्यावर अंधारात चमकणारा रंग होता. मला मिठाची बरणी तेवढी उजळलेली दिसली. तिसऱ्यासाठी त्यांनी डॉक्टरांकडून माझ्याच घशाचा फोटो मागून आणला आणि मोठा करून छापला. "कसलंतरी फूल आहे," मी म्हणालो. "छान आहे." भाऊजी स्वयंपाकघरातून निघून गेले आणि बराच वेळ आले नाहीत. चौथ्यावर ताईचा रागावलेला फोटो होता. तिला रागवायला सांगावं लागलं नव्हतं. तो मला ताबडतोब दिसला, मी ओरडलोच, "ताई!" नमुना पास झाला. दुकानात गेल्यावर मी ते पाकीट टेबलावर पालथं ठेवलं आणि ओढली. ताईच्या देखत मी कधीच ओढत नाही.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. विसावरून अठरावर आलो होतो. पण डॉक्टरांनी दिलेल्या तीन महिन्यांतले आता अकरा दिवस उरले होते, आणि आवाज इतका बसला होता की गिऱ्हाइकाशी बोलताना मी कागदावर लिहून दाखवत होतो.

त्या रविवारी भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून स्वयंपाकघरात आले. हातात रुमालात गुंडाळलेलं पाकीट. आपली सगळी विद्या त्यांनी उलटी फिरवली होती. जिथे नजर घसरते तिथे ती अडेल असं केलं होतं. घशाला भोक पडलेला माणूस बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येत होता. झाकणाची कापणी त्याच्या डोक्याच्या वरून घेतली होती, म्हणजे पाकीट उघडलं तरी तो अखंडच राहावा. कारखान्यातल्या कुणाला न सांगता, दुपारच्या सुट्टीत, हातानं कापून त्यांनी ते केलं होतं. पोकळ दिसू नये म्हणून आत खऱ्या सिगारेटीही भरल्या होत्या. पाकीट त्यांनी कपाटात ठेवलं. मी चार पावलांवर उभा राहिलो. दार उघडलं. "एक, दोन." दार लागलं.

"काय दिसलं?"

मला खोटं बोलायचं होतं. देवाशप्पथ, फार बोलायचं होतं. पण बावीस वर्षांत मी त्यांना कपाटापुढे कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"झाकण पुरतं बसलेलं नाही," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "पाकीट भरलेलं आहे. दोन-तीन कमी असतील."

"आणखी?"

"आणखी काय होतं?"

भाऊजी पांढरे पडले. "शक्यच नाही," ते म्हणाले. "शक्यच नाही असं." त्यांनी स्वतः चार पावलं मागे येऊन ताईला दार उघडायची खूण केली. ताईनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि कपाट उघडलं. "एक, दोन," भाऊजीच पुटपुटले. तिनं दार लावलं.

"तुम्हाला काय दिसलं?" तिनं विचारलं.

"डावी कड," भाऊजी म्हणाले, "अर्ध्या केसाएवढी तिरकी कापली गेलीय."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून हातात धरला.

"बावीस वर्षं मी या ओट्याशी उभी आहे," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दर रविवारी याला विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत, काय दिसतं म्हणून?"

विचारलं नव्हतं. ती ओढत नाही. जी ओढत नाही तिला काय दिसतं याच्याशी कारखान्याला काय करायचंय?

"काय दिसतं?" भाऊजींनी विचारलं.

"गवतातलं दिसलं होतं. पट्ट्यांतलं दिसलं, वेलबुट्टीतलं दिसलं. खळग्यातलं दिसलं, आणि तो खळगा माझ्या भावाच्या अंगठ्याचा आहे तेही दिसलं. आणि तो माणूस आला ना पाकिटावर, घशाला भोक पडलेला, त्या दिवसापासून त्याच्या जागी मला हा दिसतो." तिनं माझ्याकडे बोट केलं. "दिवसातून वीस वेळा त्याची मान मागे मोडते. तुम्ही दोघं म्हणालात, निळा रंग सुरेख आलाय."

ताईनं कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाच."

मी पाकीट धरलं. त्यावर खळगा नव्हता, साधा सपाट पुठ्ठा होता. पहिले दोन शब्द वाचले आणि पुढे काही सापडेना.

"अंगठा काढ," ताई म्हणाली.

मी काढला. ओळ दिसली. वाचायला तोंड उघडलं तर अंगठा परत तिथेच. पुन्हा काढला, पुन्हा तिथे. मला हसू यायला हवं होतं, पण मी नुसता अंगठा काढतच राहिलो. तेव्हा भाऊजी उठले. जवळ आले, दोन बोटांत माझा अंगठा पकडला आणि पाकिटापासून लांब धरला.

"तो मी बसवलाय तिथे," ते म्हणाले. "मीच धरतो. वाच तू."

मी वाचलं. त्या घोगऱ्या आवाजात, पहिल्या शब्दापासून, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत. आयुष्यात पहिल्यांदा. 'घशाचा' या शब्दाशी आवाज अडला आणि पुढे फुटेचना. उरलेली ओळ ताईनं म्हटली. तिनं पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी खिशातलं पाकीटही काढून ओट्यावर ठेवलं. भाऊजींनी अंगठा अजून सोडला नव्हता.

त्याला आता सात महिने झाले. चट्टा टाचणीच्या डोक्याएवढा उरलाय, डॉक्टर म्हणतात जाईल. आवाज बसकाच राहिला, पण गिऱ्हाइकाला ऐकू जातो. कपाटाचं दार भाऊजींनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं, आणि आता साबणाच्या पाकिटाचा नमुना झाला की ते आधी ताईला दाखवतात. दुकानात कुणाचं घड्याळ हातात घेतलं की माझा अंगठा अजूनही तबकडीवर जाऊन बसतो. मग मी तो काढतो आणि किती वाजलेत ते बघतो.